दहावा उंदीर

सुतार बोळातले उंदीर कमी होत नव्हते, आणि शांभवीला त्यात काहीतरी काळंबेरं दिसायला लागलं होतं.

बोळ तसा लहानच. दोन्ही अंगांनी मिळून सव्वीस घरं, मधून गटार आणि एका अंगाच्या घरांमागे एक गोदाम. आदल्या वर्षी भाद्रपदात सुरतेत प्लेग आल्याची बातमी फुटली तेव्हा कोल्हापुरातही लोकांनी तोंडाला रुमाल बांधले, औषधांच्या दुकानांतल्या टेट्रासायक्लिनच्या गोळ्या दोन दिवसांत संपल्या, आणि आरोग्य खात्याला उंदरांची आठवण झाली. प्राणिशास्त्रात बी.एस्सी. झालेल्या चौघांना सहा महिन्यांच्या करारावर घेतलं. गडहिंग्लजची शांभवी त्यांतली एक. काम सरळ होतं. घरोघर पिंजरे वाटलेले असायचे. रोज सकाळी कृष्णात ते हातगाडीवरून वॉर्ड ऑफिसच्या मागच्या आवारात आणायचा. शांभवी घर नंबर, उंदराची जात आणि संख्या वहीत टिपायची. मग कृष्णात पिंजरे भिंतीपलीकडच्या हौदाकडे न्यायचा, उंदीर बुडवायचा आणि रिकामे पिंजरे शेणकुटाच्या धुरावर धरून पुन्हा बोळात नेऊन द्यायचा. धुरी दिली नाही तर आधीच्या उंदराचा वास राहतो आणि दुसरा आत पाय घालत नाही, असं त्याचं म्हणणं होतं. ते तिला पटलंही होतं.

पटत नव्हता तो आकडा. लहान जागेतून रोज प्राणी काढत गेलं तर सापडणारी संख्या घसरली पाहिजे. पहिल्या आठवड्यात रोज दहा, मग सात, मग तीन. तिच्या बाकीच्या तीन बोळांत तसंच झालं होतं. तिने आलेखाच्या कागदावर चार रेघा काढल्या होत्या. तीन रेघा उतरत गेल्या होत्या आणि सुतार बोळाची रेघ टेबलासारखी सपाट होती. आठ, नऊ, आठ, नऊ. सात आठवडे.

याचे दोनच अर्थ निघत होते. एक तर कुठूनतरी नवे उंदीर येत होते, नाहीतर तेच ते फिरून येत होते.

नवे कुठून येतात ते तिने आधी तपासलं. संध्याकाळी पाच वाजता कृष्णातला घेऊन गटाराकडेची सगळी बिळं चिखलाने लिंपली, प्रत्येकाशेजारी चुन्याने नंबर घातला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी किती उकरली गेली ते मोजलं. एकेचाळीसपैकी पाच. म्हणजे गटारात फारसं कुणी राहत नव्हतं. मग सव्वीस घरांचे माळे, न्हाण्या, चुलीमागचे कोपरे पाहून झाले. राहिलं गोदाम. ते राजशेखर मामांचं. मामा म्हणजे तिच्या आईचे चुलतभाऊ, पूजेच्या सामानाचे ठोक व्यापारी. कोल्हापुरात ती त्यांच्याच घरी वरच्या खोलीत राहत होती. तिने जेवताना त्यांना विचारलं.

"आमच्यात उंदीर? शक्यच न्हाय," मामा म्हणाले. "आगं, पेट्याच्या पेट्या कापूर हाय आत. त्या वासानं माणूस थांबत न्हाय, उंदीर कुठला थांबतोय! आणि त्यो उंदीरवाला मी आत घेणार न्हाय, सांगून ठेवतो. औषधाच्या गोळ्या टाकून जाईल कुठंतरी, देवाच्या सामानात."

कापराचा वास उंदरांना सोसत नाही, असं तिनेही कुठंतरी वाचलं होतं. मामींनी तिच्या ताटात आणखी एक कडबू वाढला. तिने वहीत लिहिलं: 'गोदाम. उंदीर नाहीत.'

म्हणजे दुसरा अर्थ उरला, आणि त्या अर्थाच्या वाटेवर एकच माणूस उभा होता.

कृष्णात पन्नाशीकडे झुकलेला, बुटका, बोलका. अकरा वर्षं रोजंदारीवर काढलेली. येत्या पाडव्याच्या सुमाराला एकोणीस रोजंदारीवाल्यांना कायम करायची यादी लागणार होती, आणि ज्येष्ठतेने तिच्यात त्याचं नाव दुसरं होतं. हे तो येईल-जाईल त्याला सांगायचा. "एकदा कायम झालो की मेलो तरी घरात कायतरी येतंय बघा," म्हणायचा. पण ऑफिसात दुसरीही एक कुजबूज होती: उंदीर संपले तर उंदीरवाल्यांना कायम कशाला करतील, घरीच पाठवतील. शांभवीने या दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून पाहिल्या आणि तिला त्यांचा वास बरा वाटला नाही.

मग एकेक नजरेत भरायला लागलं. हौदाच्या भिंतीपलीकडे तो कुणाला येऊ देत नसे. "मॅडम, तुमी हितंच थांबा. बायामाणसानं बघायचं काम न्हवं ते." आठ-नऊ पिंजरे घेऊन जायचा आणि बघता बघता परत. एकदा तिने घड्याळ लावलं. तेरा मिनिटं. आणि परत येताना त्याचे हात कोरडे असायचे. आठ पिंजरे पाण्यात बुडवून बाहेर काढणाऱ्या माणसाची मनगटंही ओली होत नाहीत?

"पुरता कुठं?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"त्या तिकडं, चिंचंखाली. वर चुना मारतो."

दुपारी तो जेवायला गेल्यावर तिने चिंचेखाली काठीने उकरून पाहिलं. चुना होता, माती होती. उंदीर एकही नव्हता.

त्यात भर घातली बायडाबाईने. ती सुतार बोळात चौदा नंबरात राहायची, आणि बोळात काय घडतं हे तिला घडायच्या आधी कळायचं. पिंजरा परत घेताना तिने शांभवीला दारातच गाठलं.

"तुमचा त्यो उंदीरवाला हाय न्हवं, त्यो सोडतोय."

"काय सोडतोय?"

"उंदीर! आणि काय, कबुतरं? ह्या डोळ्यानं बघितलंय मी. सकाळच्याला दूध आणाय गेलते, तर ह्यो गटाराच्या कडंला बसलाय, पिंजऱ्याचं दार वर केलंय आणि 'जा बाई, जा' म्हणतोय. उंदराला बाई म्हणतोय बघा, एवढी माया!"

"नक्की उंदीरच होता?"

"न्हाय, हत्ती हुता." बायडाबाईने पदर खोचला. "आवं, हेंचं काम हाय ते. हिकडचं तिकडं सोडायचं आणि तिकडचं हिकडं. उंदीर ऱ्हायलं तर हे ऱ्हातील. खोटं वाटत आसंल तर ऱ्हाऊ दे की, पावणं. तुमी बी त्येंच्यातल्याच."

हे शेवटचं शांभवीला झोंबलं. तिने पुरावा गोळा करायचं ठरवलं.

पद्धत कॉलेजात शिकलेली होती. प्राण्यावर खूण करायची आणि तो परत सापडतो का पाहायचं. प्रयोगशाळेतून तिने इओसिनची छोटी बाटली मागून आणली. काचपट्टीवरच्या पेशी रंगवायला वापरतात तो गुलाबी रंग. केसात मुरला की नुसत्या पाण्याने सहजी जात नाही. तीन दिवस सकाळी कृष्णात फाटकाबाहेर चहाला गेला, की ती इंजेक्शनच्या पिचकारीने पिंजऱ्याच्या तारांमधून उंदरांवर रंगाचे थेंब टाकायची. हातात धरायची सोय नव्हती. थेंब पडेल तिथे पडायचा, कुणाच्या मानेवर, कुणाच्या कुशीवर. सोमवारी चार, मंगळवारी तीन, बुधवारी दोन. एकूण नऊ. आकडा तिने वहीच्या मागच्या पानावर लिहिला.

बुडालेला उंदीर परत येत नाही. एक जरी गुलाबी उंदीर पिंजऱ्यात दिसला तरी प्रश्न मिटला.

पुढच्या सोमवारी तो दिसला. बायडाबाईच्याच पिंजऱ्यात, कोपऱ्यात अंग चोरून बसलेला, पाठीवर गुलाबी झाक. शांभवीच्या छातीत धडधडलं. खरं सांगायचं तर त्या धडधडीत राग थोडा आणि आनंद जास्त होता. गुरुवारपर्यंत आणखी दोन आले, सोळा आणि अठरा नंबरातून. तिन्ही पिंजरे तिने पुरावा म्हणून ऑफिसातल्या कपाटामागे झाकून ठेवले, दीड पानाचा अहवाल लिहिला आणि वॉर्डाचे आरोग्य निरीक्षक हंबीरराव यांच्या टेबलावर नेऊन ठेवला.

हंबीररावांनी अहवाल उभ्याउभ्याच वाचला, मग वाकून पिंजऱ्यात पाहिलं. "रंगपंचमीला अजून बारा दिस हायत, आणि हेंनी आत्ताच सुरुवात केली व्हय?"

"सर, चेष्टा नाही. हे मी खूण केलेले उंदीर आहेत. बुडवायला म्हणून नेले होते. ते परत आलेत."

"पुरावा पक्का?"

"पक्का."

"मग बोलवा त्येला."

कृष्णात आला. डोक्यावरची टोपी काढून दाराशी उभा राहिला.

"काय रं, उंदीर बुडिवतोस का सोडतोस?"

"बुडिवतो की, सायेब."

"मग हे रंगवलेलं कुठनं आलं?"

"रंगवलेलं व्हय!" कृष्णातचं तोंड एकदम उजळलं. "मी बी म्हनतोय, तवा उंदरावर तांबडं काय लागलंय! मला वाटलं मॅडमनी पलेगाचं औषध मारलंय. म्हणून हाताला फडकं बांधून पुरलं."

"पुरलं तर वर कसं आलं?"

"ते आता देवालाच म्हाईत."

"बायडाबाई म्हणती, तू गटाराला पिंजरा उघडत हुतास. देवाला न्हाय, तिला म्हाईत हाय."

कृष्णातने टोपी या हातातून त्या हातात घेतली.

"उघडला हुता," तो म्हणाला. "त्यात चिचुंद्री हुती, सायेब. चिचुंद्री मी मारत न्हाय. आमच्या म्हाताऱ्या मुकादमानं सांगून ठेवलंय, ती उंदरातली न्हवं, किडं खाती. बोळात आसली तर झुरळं कमी ऱ्हात्यात."

हंबीरराव गडगडून हसले. दारातला शिपाईही हसला. "वा रं गड्या! पिंजऱ्यात आलं ते मारायचं, का आधी त्येची जात इचारायची?"

चिचुंद्री उंदरांच्या गणातली नाही, कीटकभक्षी आहे, हे शांभवीला पक्कं ठाऊक होतं. परीक्षेत तिने तिच्या दातांची आकृती काढली होती. तेवढं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण तिच्या मनात आलं, पकडला गेलेला हुशार माणूस नेहमी एखादी खरी गोष्टच पुढे करतो. ती बोलली नाही.

हंबीररावांनी तिन्ही उंदीर आपल्यासमोर बुडवून घेतले. मग यादीची फाईल काढली आणि दुसऱ्या नावापुढे पेन्सिलीने 'चौकशीधीन' असं लिहिलं. "कागद वर जाईल. पाडव्यापर्यंत काय खुलासा आला तर ठीक, न्हायतर ह्यो गेला. मॅडम, तवर तुमी रोज समोर उभं ऱ्हाऊन बुडवून घ्यायचं."

दुसऱ्या दिवसापासून शांभवी भिंतीपलीकडे गेली. कृष्णात तिच्याशी बोलला नाही. त्याने लांब दांड्याची लोखंडी आकडी घेतली, विहिरीत पडलेली कळशी काढायला असते तसली. पिंजऱ्याच्या कडीत अडकवून एकेक पिंजरा हौदात सोडला, आठही एका ओळीत. वरून काठावर पोतं पसरलं. पाठ करून पाच मिनिटं उभा राहिला. मग आकडीनेच एकेक बाहेर काढला. सगळं मिळून बारा मिनिटं झाली, आणि त्याचे हात कोरडे होते.

शांभवीने घड्याळाकडे पुन्हा एकदा पाहिलं.

"पोतं कशाला?" तिने विचारलं.

"मला बघवत न्हाय, म्हणून."

मेलेले उंदीर तो चिंचेकडे नेईना. पाण्याच्या टाकीमागे खड्डा होता, तिकडे वळला. "चिंचंखालचं कुत्री वर काढाय लागली. दर म्हयन्याला जागा बदलाय लागती," हे त्याने तिला सांगितलं नाही, हातातल्या खोऱ्याला सांगितलं.

पण गुलाबी उंदीर तर होतेच. तिने मनाला समजावलं: पद्धत बरोबर असेल, आता समोर उभं राहिल्यावर कोण नाही करणार बरोबर? सोडायचे ते आधीच सोडलेत, ते आता एकेक करून सापडताहेत. चौथा सापडला, तिच्या डोळ्यांसमोर बुडाला. पाचवा, सहावा. एका सकाळी दोन आले. शुक्रवारी नववा आला आणि तिला अगदी हलकं वाटलं. खूण केलेले नऊच्या नऊ परत आले. म्हणजे कृष्णातने त्यांतला एकही मारला नव्हता. मधली शंका उगाचच होती.

शनिवारी सकाळी सोळा नंबराच्या पिंजऱ्यात दहावा गुलाबी उंदीर बसला होता.

शांभवी पिंजऱ्यासमोर उकिडवी बसली. वहीचं मागचं पान उघडलं. चार, तीन, दोन. पुन्हा बेरीज केली, जशी काही ती बदलणार होती. पहिले तीन हंबीररावांसमोर बुडाले होते, पुढचे सहा तिच्यासमोर. नऊ रंगवले, नऊ मेले. मग हा कोण?

तिने आता त्याच्याकडे नीट पाहिलं. इतके दिवस ती फक्त रंग आहे का एवढंच पाहत होती. याचं पोट गुलाबी होतं, मिशा गुलाबी होत्या, कानाच्या आतली बाजूसुद्धा गुलाबी होती. वरून टाकलेला थेंब कानात शिरून पोटाखालून बाहेर येत नाही.

"कृष्णात, याला जरा दाबून धरता का?"

कृष्णातने आकडीच्या दांड्याने उंदराला तारांशी दाबून धरलं. तिने चिमट्यात कापसाचा बोळा धरून उंदराच्या अंगावर घासला. कापूस गुलाबी झाला, आणि त्यावर बारीक भुकटी आली. इओसिनची अशी भुकटी सुटत नाही. ती तशीच उठून समोरच्या दवाखान्यात गेली, नर्सकडून बाटलीच्या बुडाशी उरलेलं टिंक्चर आयोडीन घेऊन आली, आणि कापसावर एक थेंब टाकला.

गुलाबी कापूस काळानिळा झाला.

"आता ह्ये काय झालं?" कृष्णातने विचारलं. नऊ दिवसांचा अबोला त्या रंगापुढे टिकला नाही.

"यात स्टार्च आहे. म्हणजे पीठ. कुणीतरी रंगवलेलं पीठ."

कृष्णातने कापसाची कोरडी बाजू बोटाने चोळली, नाकाशी नेली. मग तिच्याकडे बघितलं. "आवं मॅडम," तो हळूच म्हणाला, "ह्यो तर गुलाल हाय."

जोतिबाची चैत्र यात्रा महिन्यावर आली होती. डोंगरावर उधळायचा गुलाल फाल्गुन लागल्यापासून शहरातल्या व्यापाऱ्यांकडे पोत्यांनी येऊन पडला होता. चौदा, सोळा आणि अठरा ही घरं एका ओळीत होती, आणि त्यांची मागची भिंत एकाच गोदामाला लागून होती. त्या गोदामापुढे तिच्या वहीत दोन शब्द होते, आणि ते लिहिताना ती जेवत होती.

दुपारी तिने मामांना दुकानातून उठवून आणलं. मामा कुरकुरले, पण आले. आपल्याकडे उंदीर नाहीत याबद्दल त्यांना मनापासून खात्री होती. कुलूप उघडताच कापराचा दर्प अंगावर आला. "बघ!" ते म्हणाले. कापराच्या पत्र्याच्या पेट्या दाराशीच रचलेल्या होत्या. त्यांच्या मागे पुरुषभर उंच खोबऱ्याची पोती, आणि त्यांच्या मागे भिंतीला लागून गुलाल.

"मामा, तुम्ही आतपर्यंत शेवटचं कधी गेला होता?"

"मी कशाला जातोय? हमाल हायत की."

तिने बॅटरीचा झोत जमिनीवर धरला. भिंतीकडेने गुलालात बोटभर रुंदीची वाट पडली होती. बारीक पावलं आणि मधून शेपटीची रेघ, जाऊन-येऊन जाऊन-येऊन मळलेली. खालची पोती कुरतडून भोकं पडली होती. एका भोकात तागाचे धागे पिंजून केलेलं घरटं होतं आणि त्यात केस न फुटलेली सात पिल्लं एकमेकांवर वळवळत होती.

"शिवा शिवा!" मामा दोन पावलं मागे सरले. मग त्यांनी दार आतून लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. "हे बघ बाळ. यात्रेच्या तोंडावर बोभाटा नको. मी उद्याच्या उद्या साफ करून घेतो. कुणाला कळायचं न्हाय. कागदावर कशाला आणतीस?"

"कागदावर एका माणसाची नोकरी अडकलीय, मामा. मी अडकवलीय."

"त्यो कोण लागतो तुझा? आणि मी कोण लागतो?"

याला उत्तर होतं, पण ते त्यांना ऐकवण्यासारखं नव्हतं. आपले लागता म्हणूनच मी इकडे पाहिलं नाही, आणि तो कुणी लागत नाही म्हणून त्याच्याकडे पाहत राहिले. तिने दार उघडलं आणि ती बाहेर आली.

सोमवारी तिने हंबीररावांपुढे दुसरा कागद ठेवला.

"मागं घेताय?" हंबीररावांनी चष्मा वर केला. "मॅडम, ही काय भाजी हाय व्हय, किडकी निघाली म्हणून परत द्यायला? तुमचा पयला कागद वर गेलाय."

"मग हाही वर पाठवा."

त्यांनी वाचायला घेतलं. या वेळी बसून. गुलाल, आयोडीन, दहावा उंदीर, चिचुंद्री उंदरात मोडत नाही आणि ती सोडण्यात काही गैर नाही, इथपर्यंत ते मान हलवत आले. शेवटच्या वाक्यावर थांबले.

"'सदर गोदाम माझ्या नातेवाइकांचे असल्याने मी ते प्रत्यक्ष न पाहता उंदीर नाहीत अशी नोंद केली.' हे कशाला घातलंय? 'नजरचुकीने राहून गेले' लिवा. सगळ्यांच्या नजरा चुकत्यात. अनुभवाचा दाखला तुमाला माझ्या सहीनं न्यायचाय. असलं वाक्य फायलीत आसलं तर मी दाखल्यात काय लिवू?"

"नजरचूक नव्हती, सर."

"आगाऊ हाय पोरगी," हंबीरराव कुणाला तरी म्हणाले. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मग त्यांनी कागदावर शिक्का मारला.

गोदाम आठवडाभर रिकामं होत राहिलं. पहिल्या दिवशी एकतीस उंदीर निघाले, दुसऱ्या दिवशी बावीस, मग नऊ, मग चार. शांभवीच्या आलेखावरची चौथी रेघ शेवटी खाली आली. मामांच्या घरी तिला कुणी काही बोललं नाही. फक्त तिचं ताट खाली वाढणं थांबलं आणि झाकून वर खोलीत यायला लागलं. त्यानंतरच्या शुक्रवारी सकाळी तिने ट्रंक उचलली आणि मुलींच्या वसतिगृहात राहायला गेली.

त्याच दिवशी, पाडव्याच्या आदल्या दिवशी, यादी लागली. फलकासमोर गर्दी होती. अठरा नावं टंकलेली होती. त्यांच्या खाली पेनाने एकोणिसावं लिहिलं होतं: कृष्णातचं, आणि कंसात 'चौकशीअंती'. पाच-सहा वर्षांपूर्वी कामाला लागलेली माणसंसुद्धा त्याच्या वर होती.

कृष्णात गर्दीच्या बाहेर उभा होता. कुणीतरी वाचून दाखवलं असावं.

"लागलं की नाव," शांभवी म्हणाली.

"लागलं की." त्याने टोपी झटकून डोक्यावर ठेवली. "दोनाचा एकोणीस झालो. क्वार्टर बी नंबरानंच मिळतीया म्हणत्यात. पर लागलं."

"चूक माझी होती, कृष्णात."

"व्हय," तो म्हणाला.

पाडवा आणि रविवार गेल्यावर सोमवारी पिंजरे आले. सुतार बोळातून फक्त दोन, बाकीच्या बोळांतून पाच. शांभवीने वही उघडली, घर नंबर टिपले आणि भिंतीपलीकडे जायला उठली. कृष्णात हलला नाही. त्याने सदऱ्याच्या खिशातून दुमडलेली वही काढली, नवी कोरी, दुकानाचा शिक्का अजून वर, आणि तिच्यापुढे धरली.

"ह्यात लिवा. कुठल्या घरचा, किती. प्रत्येकाम्होरं सही करा. बुडिवल्यावर परत एक करा."

"पण मी समोर उभी राहून बघतेच आहे की."

"बघताय की," कृष्णात म्हणाला. "तवा बी बघतच हुतासा."

शांभवीने पेन उघडलं. हातगाडीच्या काठावर वही टेकवून तिने सात ओळी लिहिल्या आणि सात सह्या केल्या. कृष्णातने वही डोळ्यांजवळ नेली, एकेका सहीवरून बोट फिरवत सात मोजल्या, आणि मगच आकडी उचलली.